मातीतील कर्बाचा जमाखर्च
शेते व कुरणे यांतील कर्बसाठ्याच्या गणिती प्रतिमानाची ओळख

१. हौदाचे जुने गणित

शाळेतील अंकगणितात हौदाची गणिते प्रत्येकाने सोडविलेली असतात. एका नळाने हौदात पाणी येते, दुसऱ्याने ते बाहेर जाते. तर अमुक तासांनी हौदात किती पाणी असेल? मातीत किती कर्ब, म्हणजे कार्बन, साठलेला आहे व पुढे तो वाढेल की घटेल, हा प्रश्नही मुळात याच जातीचा आहे. फरक एवढाच की, हा हौद डोळ्यांना दिसत नाही, त्याचे नळ अनेक आहेत, आणि त्याच्या पातळीतील बदल ध्यानात येण्यास कित्येक वर्षे, कधी कधी एक संपूर्ण पिढी जावी लागते.

हा हौद लहानसहान नाही. पृथ्वीवरील जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सेंद्रिय द्रव्याच्या रूपाने सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन असावा, असा अंदाज आहे. संपूर्ण वातावरणात कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या रूपाने असलेला कार्बन सुमारे ९०० अब्ज टन आहे. यास्तव मातीतील साठ्यात शेकडा एक-दोन भागांचा फरक पडला, तरी त्याचा परिणाम हवेवर झाल्यावाचून राहत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हा साठा म्हणजे जमिनीचा कसच होय. सेंद्रिय कर्बामुळे मातीचे कण एकमेकांस धरून राहतात, पाणी टिकते आणि पिकास नत्र मिळत जाते.

प्रस्तुत पाठात या साठ्याचा हिशेब कसा मांडतात, तो खरा की खोटा हे कशावरून ठरवितात, आणि त्यावर किती विसंबावे, या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

२. कर्ब येतो कोठून आणि जातो कोठे?

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेतात व त्यापासून आपली मुळे, खोड, पाने आणि दाणे बनवितात. कापणी झाल्यावर धसकटे, मुळ्या आणि पालापाचोळा रानातच राहतो. काही ठिकाणी त्यात शेणखताची भर पडते. ही झाली जमेची बाजू.

मातीत पडलेला हा काडीकचरा सूक्ष्मजंतूंचे अन्न होय. ते त्याचे विघटन करतात, त्यातून आपल्यास लागणारी ऊर्जा मिळवितात, आणि आपण श्वासावाटे सोडतो त्याप्रमाणे कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतात. ही खर्चाची बाजू. मात्र सर्वच कर्ब एकदम हवेत परत जात नाही. त्यातील काही भाग सूक्ष्मजंतूंच्या देहात अडकतो, आणि काही भाग काळपट रंगाच्या, सावकाश कुजणाऱ्या द्रव्यात रूपांतरित होतो. या द्रव्यास ह्यूमस म्हणतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावी. हौदाच्या साध्या गणितात बाहेर जाणारे पाणी ताशी ठरावीक असते. मातीच्या हौदात तसे नसते. जेवढा साठा अधिक, तेवढे कुजण्याचे प्रमाणही अधिक. म्हणून साठा अमर्याद वाढत नाही, आणि सहसा पूर्ण रिताही होत नाही. आवक व जावक सारखी झाली की पातळी स्थिर होते. या स्थितीस समतोल म्हणतात.

३. एक सोपे उदाहरण

समजा, एक हेक्टर शेताच्या वरच्या थरात ह्यूमसच्या रूपाने ३० टन कर्ब आहे आणि दरवर्षी त्याचा शेकडा २ भाग कुजतो. म्हणजे सुमारे ०.६ टन कर्ब दरसाल हवेत जातो. पिकांच्या अवशेषांतून दरसाल ०.६ टनच नवीन ह्यूमस तयार होत असेल, तर साठा ३० टनांवर स्थिर राहील.

आता शेतकऱ्याने खत वाढविले आणि नव्या ह्यूमसची आवक दरसाल १ टन झाली. पहिल्या वर्षी जमा १ टन व खर्च ०.६ टन, सबब शिल्लक ०.४ टन. पण साठा वाढला की खर्चही वाढतो. ४० टनांवर खर्च ०.८ टन होईल, म्हणजे शिल्लक निम्मीच उरेल. ५० टनांवर खर्च बरोबर १ टन होईल, आणि वाढ थांबेल. ३० पासून ५० पर्यंतचे निम्मे अंतर, म्हणजे ४० टनांपर्यंतची मजल, सुमारे ३५ वर्षांत गाठली जाईल. उरलेल्यातील निम्मे अंतर, म्हणजे ४५ टनांपर्यंतची मजल, गाठण्यास आणखी ३५ वर्षे लागतील.

या एवढ्याशा गणितातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, मातीतील कर्ब वाढविण्याचा लाभ सुरुवातीस जलद मिळतो व पुढे मंदावत जाऊन थांबतो. दुसरा असा की, खत घालणे बंद केले तर साठा पुन्हा जुन्या पातळीकडे उतरू लागतो. साठविलेला कर्ब म्हणजे तिजोरीत कुलूप लावून ठेवलेले धन नव्हे.

४. रॉथॅमस्टेडच्या बाटल्या

असे गणित कागदावर कोणासही मांडता येईल. ते खरे आहे हे कसे ओळखावे? मातीतील बदल इतका सावकाश होतो की, एका माणसाच्या नोकरीच्या काळात तो पुरता पाहणेही कठीण. येथे इंग्लंडमधील एका जुन्या प्रयोगक्षेत्राने जगावर मोठे उपकार केले आहेत.

हर्टफर्डशायर परगण्यातील हार्पेंडन गावाजवळ रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज यांनी रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्या साहाय्याने १८४३ मध्ये दीर्घ मुदतीचे प्रयोग सुरू केले. ब्रॉडबॉक नावाच्या शेतात त्या वर्षीच्या शरद ऋतूत गव्हाची पेरणी झाली, आणि तेथे आजही गहू पेरला जातो. या शेतातील एका पट्ट्यास तेव्हापासून कोणतेही खत दिलेले नाही. दुसऱ्या एका पट्ट्यास दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत मिळते. इतर पट्ट्यांना रासायनिक खतांची निरनिराळी मिश्रणे दिली जातात. हूजफील्ड शेतात १८५२ पासून जवाचा आणि पार्क ग्रास या कुरणात १८५६ पासून गवताचा प्रयोग चालू आहे.

लॉज आणि गिल्बर्ट यांची दूरदृष्टी आणखी एका गोष्टीत दिसून येते. त्यांनी मातीचे, धान्याचे व गवताचे नमुने वाळवून बंद बाटल्यांत भरून, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवून जपून ठेवले. पुढील पिढ्यांनीही ही शिस्त पाळली. आज त्या संग्रहात तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. ज्या काळी किरणोत्सर्ग हा शब्दही कोणास ठाऊक नव्हता, त्या काळी भरलेल्या बाटल्या विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी उघडल्या आणि त्यांतून मातीचा इतिहास वाचला.

त्या इतिहासातील चार नोंदी पाहू.

(अ) ब्रॉडबॉकच्या बिनखताच्या पट्ट्यात वरच्या २३ सेंटिमीटर थरातील सेंद्रिय कर्ब शेकडा १ च्या आसपास होता, आणि शंभराहून अधिक वर्षांत त्यात फारसा फरक पडला नाही. ही जमीन १८४३ पूर्वीही दीर्घकाळ नांगराखाली होती. ती आधीच समतोलाजवळ पोहोचली होती.

(आ) शेणखताच्या पट्ट्यात हे प्रमाण शेकडा अडीचच्याही वर गेले. मात्र सुरुवातीची वाढ झपाट्याची व नंतरची मंद आहे. दरसाल हेक्टरी सुमारे ३ टन कर्ब त्या पट्ट्यात पडतो; त्यातील बहुतेक भाग सूक्ष्मजंतूंनी हवेस परत केला.

(इ) हूजफील्डमधील एका पट्ट्यास १८५२ ते १८७१ अशी वीसच वर्षे शेणखत दिले आणि नंतर बंद केले. साठा उतरू लागला. पण शंभर वर्षे उलटून गेल्यावरही तो शेजारच्या कधीच खत न मिळालेल्या पट्ट्यापेक्षा अधिक असल्याचे आढळले.

(ई) हायफील्ड येथील कित्येक पिढ्यांचे जुने गवती रान १९४९ मध्ये नांगरून तेथे धान्य पिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. १९५९ पासून तेथील एक तुकडा तर गवताचे पातेही उगवू न देता उघडा ठेवण्यात आला. पन्नास वर्षांत त्या तुकड्याने आपल्या निम्म्याहून अधिक कर्ब गमावला.

५. एका हौदाचे पाच हौद

वर सांगितलेले एका हौदाचे गणित या नोंदींशी पुरते जुळत नाही. वीस वर्षांच्या खताचा प्रारंभी झपाट्याने घटणारा आणि तरी शतकाहून अधिक टिकणारा परिणाम एकाच वेगाने समजावून सांगता येत नाही. हिरवा पाला काही आठवड्यांत नाहीसा होतो, काष्ठमय धसकट काही वर्षे टिकते, आणि ह्यूमस अनेक दशके राहते. म्हणून रॉथॅमस्टेड येथील जेंकिन्सन व रेनर यांनी १९७७ मध्ये मातीतील कर्बाची अनेक भागांत विभागणी करणारे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्याचे सुधारलेले रूप आज ‘रॉथ-सी’ या नावाने ओळखले जाते. त्यात पाच हौद आहेत.

पहिला हौद लवकर कुजणाऱ्या वनस्पतिद्रव्याचा. त्याचा वार्षिक वेगांक १० मानला आहे; म्हणजे अनुकूल स्थितीत महिन्याच्या अखेरीस शंभरातील सुमारे ४३ भागच उरतात. दुसरा सावकाश कुजणाऱ्या वनस्पतिद्रव्याचा, वेगांक ०.३, आणि वर्षाअखेरीस सुमारे ७४ भाग शिल्लक. तिसरा सूक्ष्मजंतूंच्या देहांचा; वेगांक ०.६६. चौथा ह्यूमसचा, वेगांक ०.०२, आणि निम्मा होण्यास सुमारे ३५ वर्षे. पाचवा हौद अचल कर्बाचा. तो प्रतिमानाच्या हिशेबात मुळीच बदलत नाही.

पिकांचे व सुधारलेल्या कुरणांचे अवशेष मातीत पडले की त्यांतील ५९ भाग पहिल्या आणि ४१ भाग दुसऱ्या हौदात जातात, असे धरतात. वनातील पाचोळा अधिक चिवट असल्याने त्याचे २० भाग पहिल्यात व ८० भाग दुसऱ्यात घालतात. शेणखत जनावराच्या पोटात अर्धवट पचलेले असल्यामुळे त्याची वाटणी पुन्हा वेगळी आहे.

कोणत्याही हौदातील कर्ब कुजला म्हणजे रॉथॅमस्टेडसारख्या जमिनीत त्याच्या शंभर भागांपैकी सुमारे ७८ भाग हवेत जातात. उरलेल्या २२ पैकी सुमारे १० सूक्ष्मजंतूंत आणि १२ ह्यूमसमध्ये जमा होतात. चिकणमातीचे प्रमाण जितके अधिक, तितका मातीत राहणारा वाटा किंचित मोठा. सूक्ष्मजंतूंत व ह्यूमसमध्ये गेलेला कर्बही कालांतराने याच वाटेने जातो. असा हा हिशेब महिन्यामागून महिना मांडीत जावे लागते. तो हाताने करता येईल. परंतु दीडशे वर्षांचे अठराशे महिने होतात, म्हणून ते काम संगणकाकडे सोपवितात.

६. ऊन, पाऊस आणि पिकाची सावली

वरील वेगांक सर्वत्र सारखे लागू पडत नाहीत. कुजण्याचा वेग तीन गोष्टींवर अवलंबून असतो, आणि प्रतिमानात प्रत्येकीसाठी एक गुणक असतो.

पहिला गुणक तापमानाचा. रॉथॅमस्टेडचे वार्षिक सरासरी तापमान सुमारे ९.३ अंश सेल्सिअस धरले आहे व तेथे हा गुणक १ आहे. २८ अंशांवर तो सुमारे ४.४, तर ३५ अंशांवर सुमारे ५.७५ होतो. दुसरा गुणक ओलाव्याचा. मातीत पुरेशी ओल असल्यास तो १ असतो आणि माती सुकत जाते तसा ०.२ पर्यंत उतरतो. तिसरा गुणक आच्छादनाचा. जमिनीवर पीक उभे असल्यास ०.६, आणि ती उघडी असल्यास १.

आता आपल्याकडील दोन महिने घेऊन पाहू. वैशाखात सरासरी तापमान ३५ अंश, जमीन कोरडी ठणठणीत आणि उघडी. गुणाकार ५.७५ × ०.२ × १, म्हणजे सुमारे १.१५. श्रावणात तापमान २८ अंश, माती भिजलेली, वर पीक उभे. गुणाकार ४.४ × १ × ०.६, म्हणजे सुमारे २.६. वैशाखातील ऊन कितीही प्रखर असले, तरी या हिशेबाप्रमाणे मातीतील कर्बाचा अधिक खर्च श्रावणातच होतो. कारण सूक्ष्मजंतूंना उष्णतेबरोबर पाणीही हवे. मात्र नवीन मुळ्या व पाने तयार होण्याचा, म्हणजे जमेचा, काळही तोच.

उष्ण देशांतील जमिनीत सेंद्रिय कर्ब टिकविणे थंड देशांहून कठीण का, आणि पावसाळ्यात जमीन उघडी ठेवण्याने तोटा का होतो, हे यावरून समजते.

७. प्रतिमानाची परीक्षा

प्रतिमान बनविणाऱ्याने आपलेच आकडे आपल्याच शेताशी जुळविले, तर त्यात नवल नाही. खरी परीक्षा परक्या जमिनीवर व्हावयास हवी.

अशा एका परीक्षेस निमित्त झाले ते अणुचाचण्यांचे. १९५० नंतरच्या दशकात व १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वातावरणात झालेल्या स्फोटांमुळे हवेतील किरणोत्सर्गी कार्बन-१४ चे प्रमाण उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झाले. हा खुणेचा कार्बन पिकांतून मातीत उतरला. चाचण्यांपूर्वीच्या बाटल्यांतील माती व नंतरची माती यांची तुलना केली असता, नवा कर्ब कोणत्या वेगाने मिसळतो हे मोजता आले. शिवाय जुन्या नमुन्यांतील काही कर्ब अतिशय प्राचीन असल्याचेही आढळून आले. अचल कर्बाचा पाचवा हौद मानावा लागला तो याच कारणाने.

दरम्यान अमेरिकेत पार्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विस्तीर्ण गवती मैदानांसाठी ‘सेंच्युरी’ नावाचे प्रतिमान रचले. ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मातीतील द्रव्याचे चपळ, मंद आणि अतिमंद असे तीन भाग केले असून, कर्बाबरोबर नत्राचाही हिशेब आहे. १९९७ मध्ये अशा नऊ प्रतिमानांची सात दीर्घकालीन प्रयोगांतील बारा नोंदसंचांवर एकत्र परीक्षा घेण्यात आली. रॉथ-सी व सेंच्युरी ही दोन्ही बरी उतरणाऱ्यांत होती. तथापि सर्व ठिकाणी अचूक ठरणारे एकही प्रतिमान नव्हते.

भारतातही हे काम झाले आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७० च्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या भागांत दीर्घ मुदतीचे खतप्रयोग सुरू केले. २००२ नंतर भारत, केनिया, जॉर्डन व ब्राझील या देशांत एक संयुक्त प्रकल्प झाला. त्यात सिंधु-गंगेच्या मैदानास ही दोन्ही प्रतिमाने लावून पाहण्यात आली. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांचा त्यात वाटा होता, आणि पुढे त्यांनी काळ्या जमिनींचाही असाच अभ्यास केला. काळ्या जमिनीत एक विशेष सावधगिरी पाळावी लागते. तेथे चुनखडीच्या रूपानेही कार्बन असतो. तो सेंद्रिय नव्हे; त्याची गल्लत झाली तर सारा हिशेब चुकतो. तसेच सदैव पाण्याखाली राहणाऱ्या जमिनीसाठी रॉथ-सी मुळात बनविलेले नाही. भातखाचरातील चिखलात हवा पोहोचत नाही आणि कुजण्याची क्रिया मंदावते. म्हणून जपानी शास्त्रज्ञांना भातशेतीसाठी त्यातील वेगांक बदलावे लागले.

८. हिशेबाचा उपयोग आणि मोह

१९९१ मध्ये जेंकिन्सन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या प्रतिमानाच्या आधारे एक इशारा दिला. पृथ्वीचे तापमान दरवर्षी ०.०३ अंशाने वाढत गेले व मातीत पडणारे वनस्पतिद्रव्य मात्र तेवढेच राहिले, तर साठ वर्षांत जगातील माती सुमारे ६१ अब्ज टन कार्बन अधिकचा हवेत सोडील. म्हणजे तापमानवाढीमुळे सुटलेला कर्ब पुन्हा तापमानच वाढवील.

उलट बाजूने २०१५ मध्ये पॅरिस येथील हवामान परिषदेच्या वेळी एक आशादायक संकल्प मांडला गेला. मातीतील कर्ब दरसाल हजारी चार या प्रमाणात वाढविता आला, तर हवेतील वाढीस मोठा आळा बसेल, असा त्याचा आशय. रॉथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडील सोळा दीर्घकालीन प्रयोग तपासून २०१८ मध्ये उत्तर दिले. अनेक उपायांनी हजारी चारपेक्षाही अधिक वेग साधला होता. परंतु त्यांतील कित्येक उपाय सामान्य शेतकऱ्यास परवडणारे नव्हते: फार मोठ्या प्रमाणात शेणखत, किंवा धान्याची जमीन गवतास अथवा वनास सोडणे. जो देश आपल्या लोकांस धान्य पुरविण्याच्या चिंतेत आहे, त्याने शेते सोडावीत कशी?

शिवाय एका शेताचे शेणखत दुसऱ्या शेतात नेऊन टाकले, तर दुसऱ्याचा साठा वाढतो, पण पहिल्याचा घटतो. जमिनीचा कस सुधारण्यासाठी खत उचित ठिकाणी देणे चांगलेच. मात्र त्याला हवेतून कर्ब काढला असे म्हणता येणार नाही. खऱ्या अर्थाने भर पडते ती जास्त मुळ्या मातीत गेल्याने, जाळली जाणारी धसकटे रानातच ठेवल्याने, किंवा ओसाड जमिनीवर गवत उभे राहिल्याने.

येथे प्रतिमानाचे खरे मोल कळते. मातीत कर्ब साठविल्याबद्दल शेतकऱ्यास मोबदला देण्याच्या योजना आज अनेक देशांत निघाल्या आहेत. पहिल्या पाच वर्षांची वाढ पाहून पन्नास वर्षांचे वचन कोणी देऊ लागले, तर हौदाचे साधे गणित त्याला थांबवू शकते. त्याचप्रमाणे जुने गवती रान नांगरण्याआधी काय गमवावे लागेल आणि ते परत मिळण्यास किती काळ लागेल, हेही ते सांगू शकते. रॉथॅमस्टेडच्या जमिनीत जुन्या शेताचे कुरण केल्यावर जुन्या कुरणाच्या पातळीपर्यंतचे निम्मे अंतर काटण्यास सुमारे २५ वर्षे लागतात, आणि पुरते अंतर काटण्यास शंभरावर. नांगर मात्र एका दिवसात फिरतो.

गणित कितीही सुबक असले, तरी त्याला साक्ष लागते ती मातीची. ज्यांनी बाटल्या भरून ठेवल्या, त्यांना त्यांचा उपयोग पाहावयास मिळाला नाही. तरीही त्यांनी भरल्या, म्हणून आज आपला हिशेब तपासता येतो.

अभ्यासासाठी

१. एका शेतात ह्यूमसच्या रूपाने ४० टन कर्ब आहे. दरसाल शेकडा २ भाग कुजतो आणि नवी आवक ०.५ टन आहे. साठा वाढेल की घटेल? तो कोणत्या आकड्यावर स्थिर होईल? सुमारे ३५ वर्षांनी किती उरेल? (उत्तर : घटेल, २५ टन, सुमारे ३२.५ टन.)

२. हूजफील्डमधील वीस वर्षांच्या खताचा परिणाम शंभर वर्षांनंतरही का दिसला, ते पाच हौदांच्या साहाय्याने सांगा.

३. शाळेच्या बागेतील एका वाफ्यात दरवर्षी पालापाचोळा घाला व शेजारचा वाफा तसाच ठेवा. दोन्हींतील माती दरसाल एकाच महिन्यात, एकाच खोलीवरून घ्या, सावलीत वाळवा, आणि तारीख, जागा व खोली लिहिलेल्या बाटल्यांत भरून ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग होईल.